अंधांना एवढा वेग कशाला?

देवरे सर ज्या वेगानं ऐकायचे, त्या वेगानं मी आजवर कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. त्यांच्या टेबलावरच्या संगणकातून जे काही बाहेर पडे, ते नवख्या माणसाला बोलणं वाटायचंच नाही. तापल्या तेलात मोहरी पडल्यावर होते तशी नुसती तडतड. सर मान डावीकडे कलती करून ती ऐकत, मध्येच हसत, मध्येच "मूर्ख आहे लेकाचा!" असं म्हणत, आणि बोटं कळफलकावर चालूच असत. त्या तडतडीत पूर्ण वाक्यं होती, स्वल्पविराम होते, कुणाचे तरी विचार होते, हे मला पटायला बरेच महिने लागले.

मी त्या संस्थेत लागले ती वाचक म्हणून. नाशिकला इंदिरानगरच्या एका आतल्या रस्त्यावर दृष्टिहीन मुलामुलींचं ते प्रशिक्षण केंद्र होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आणि पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचून कॅसेटवर भरायला त्यांना माणूस हवं होतं. मुलाखत देवरे सरांनीच घेतली. इतिहासाचं एक पुस्तक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "वाचा." मी जमेल तितक्या मृदू आवाजात, सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचू लागले. परिच्छेद संपायच्या आत त्यांनी टेबलावर तळहात आपटला.

"कुणाच्या मयताला आलाय का तुम्ही?"

मी पुस्तक खाली ठेवलं.

"घरी वर्तमानपत्र असंच वाचता? नाही ना? मग इथंच का? डोळे गेलेत आमचे, कान नाही. पुन्हा वाचा. आणि कीव न करता वाचा."

मला भयंकर राग आला. त्या रागाच्या भरात उरलेलं पान मी धडाधड वाचून काढलं. ते संपल्यावर सर पहिल्यांदा हसले. "हां. उद्यापासून या."

सर सटाण्याकडच्या एका खेड्यातले. शाळेत असताना त्यांना दिसत होतं. मग संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम चालू असताना उरलासुरला उजेडही गेला. पुढे अंबडच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली. तिथंच त्यांना संगणक भेटला, आणि बोलणारा संगणक असू शकतो हे कळल्यावर त्यांनी ती नोकरी सोडून आमच्या संस्थेत मुलांना शिकवायला सुरुवात केली. बोलणं एरवी स्वच्छ, शहरी. पण राग चढला की त्यांची गावची अहिराणी वर यायची. "हाई काय शे?" असा आवाज त्यांच्या खोलीतून आला, की सगळ्या केंद्राला समजायचं, आज काहीतरी बिघडलंय.

त्यांच्या रागाचं मूळ एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य त्यांना रोज कुठे ना कुठे ऐकावं लागे: "तुम्हाला कुठं घाई आहे?" एकदा मी त्यांच्यासोबत बँकेत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना अगदी प्रेमानं बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि मागून आलेल्या लोकांची कामं उरकायला घेतली. सर उठून उभे राहिले, तर त्या म्हणाल्या, "बसा हो काका, तुम्हाला कुठं घाई आहे." सर साऱ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला घाई आहे. माझी मुलं वर्गात बसलीत. आंधळ्या माणसाला वेळच वेळ असतो हे तुम्हाला कुणी शिकवलं?" रिक्षात बसल्यावरही त्यांचा राग उतरला नव्हता. "बाई," ते मला म्हणाले, "शिवी दिलेली परवडते. ही माया नाही परवडत."

संस्थेला संगणक मिळाले तेही मायेपोटीच. एका कंपनीनं स्वतःची जुनी यंत्रं मोडीत काढायच्या ऐवजी आम्हाला दिली. हार झाले, फोटो झाले. पाहुणे गेल्यावर सरांनी एकेक यंत्र चालू करून पाहिलं. त्यावर बोलणारा प्रोग्राम घातला, तर कळ दाबल्यावर अक्षर ऐकू यायला इतका उशीर लागे, की मुलं पुढचं अक्षर दाबून मोकळी झालेली असत. दिसणाऱ्याला हा त्रास समजणार नाही. तुम्ही लिहिताय आणि शाई उमटायला वेळ लागतोय अशी कल्पना करा, म्हणजे थोडं समजेल. सर भडकले. पण ते नुसतं भडकून थांबणारे नव्हते. यंत्र एवढं रखडतंय कशापायी, याच्या ते मागे लागले.

त्यातून लिनक्स आलं. ही संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळते, आणि तिचा मूळ मजकूर, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या सूचना, कुणालाही वाचता येतात, बदलता येतात. बहुतेक लोक ती तयार, बांधलेली घेतात. सीडी घातली, थोडं थांबलं, झालं. पण तिचा एक प्रकार असा होता, की मूळ मजकूर आणायचा आणि आपल्याच यंत्रावर, आपल्या यंत्राला साजेसा, एकेक भाग बांधून काढायचा. त्याला संकलन म्हणतात. सरांच्या तोंडी 'कंपाइल' हाच शब्द असे.

"तयार मालात चित्रं येतात, रंग येतात, खिडक्या येतात," ते मुलांना सांगत. "या खोलीत त्या बघणार कोण? यंत्राची अर्धी ताकद कुणी बघणार नाही अशी चित्रं काढण्यात जाते. आपण ते बांधायचंच नाही. फक्त आवाज ठेवायचा."

शरणपूर रोडच्या सायबर कॅफेतून मूळ मजकुराच्या सीड्या भरून आणायच्या, आणि मग यंत्र बांधायला लावायचं. बांधून होईपर्यंत त्याला आवाज नसे, म्हणून पडदा वाचायला मी. "काय दिसतंय बाई?" "सर, इंग्रजी ओळी पळताहेत नुसत्या." "पळताहेत ना? मग पळू द्या. थांबल्या की सांगा." जुन्या यंत्रावर हे बांधकाम कित्येक दिवस चाले. आणि त्या वर्षांत नाशिकला भारनियमन होतं. ओळी पळत पळत शेवटाला आल्या की पंखा थांबायचा, पडदा काळा व्हायचा, आणि सर दोन्ही हात डोक्याला लावून ओरडायचे, "बठ्ठं वाया गय!" सगळं वाया गेलं!

पण बांधून झालं तेव्हा काय झालं, तेही सांगायला हवं. कळ दाबली आणि अक्षर बोटाखालीच वाजलं. वर्गातली मुलं सगळी एकदम हसायला लागली. कुणी नुसतंच आपलं नाव पुन्हा पुन्हा लिहून बघत होतं. तोच डबडा संगणक, पण आता तो त्यांच्या बरोबरीनं धावत होता.

शिवाय मूळ मजकूर हाताशी असल्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. तयार आवाज हिंदीसाठी केलेला होता, त्याला ळ येत नव्हता. 'शाळा'ला तो 'शाला' म्हणायचा, 'बाळ'ला 'बाल'. सरांना हा स्वतःचा अपमान वाटायचा. त्यांनी आवाजाच्या नियमांत स्वतः बदल केले, आणि एका दुपारी यंत्र स्पष्टपणे 'कळवण' म्हणालं. संगीता म्हणून त्यांची एक विद्यार्थिनी होती, फार तरतरीत. ती खुदकन हसून म्हणाली, "पन सर, तुम्ही सोता चिडल्यावर शाळेला शाया म्हनता!" अहिराणीत ळचा य होतो. सरांना इतकं हसू लोटलं, की काळा चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

संगीता धोंगडे इगतपुरीकडची. वडील रेल्वेत गँगमन. जन्मापासून दिसत नव्हतं, पण बोटं अशी चालत, की शेजारच्या खोलीत आपोआप लय कळे. सरकारी कार्यालयातली टंकलेखकाची एक जागा दृष्टिहीनांसाठी राखीव निघाली आणि तिनं अर्ज केला. चाचणीला आपलंच बोलणारं यंत्र न्यायची परवानगी होती. सरांना वाटलं, हिला सगळ्यात उत्तम यंत्र मिळालं पाहिजे. आवाजाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती, आधीपेक्षा चपळ. चाचणी तोंडावर आलेली असताना त्यांनी ती सगळ्या यंत्रांवर बांधायला घेतली.

तिथं सगळं घसरलं. नव्या आवाजाला खालचा एक भाग नवा हवा होता. तो बदलला तर त्याच्यावर उभे असलेले बाकीचे भाग चालेनात. तेही पुन्हा बांधायला हवेत. ते बांधायला लावले आणि वीज गेली, आली, पुन्हा गेली. मे महिन्याचे दिवस. अर्धी यंत्रं अर्धवट बांधलेली, आणि सगळी मुकी. मुलं वर्गात येत, बसत, काळ्या पडद्यांसमोर हात मांडीवर ठेवून वाट बघत. सर एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जात होते, आणि मी डोळे दुखेपर्यंत चुकांचे संदेश वाचून दाखवत होते. कुणी काही विचारलं की ते वसकन अंगावर येत.

शेवटी संगीता उठली. भिंतीला हात लावत त्यांच्या टेबलापाशी आली.

"सर, मशीन कवा बोलनार?"

"होतंय. थोडं थांब. झालं की असं पळेल की बघच."

"पळंल तवा पळंल. आज मुकं हाय त्याचं काय?"

"मग तुला काय ते रखडणारं हवंय? तयार सीडीवरचं?" सरांचा आवाज चढला.

"मला वेग पायजे सर. मी कुठं नाय म्हनते?" तिचाही चढला. "पन घरी मी पान्याला जायची ते आईचा हात धरून. शाळंत जायची ते भावाचं बोट धरून. इथं आले तवा वाटलं, सुटले. आन आता तुमचं बोट धरायचं का? तुम्ही असले तर मशीन बोलनार, तुम्ही नसले तर मुकं. मंग माझं काय सुटलं?"

मला वाटलं, आता सर हिला बाहेर काढणार. पण ते कळफलकावर नुसते हात ठेवून बसून राहिले.

चाचणीला संगीता तयार सीडीचं यंत्र घेऊन गेली. दुसरं होतंच काय? ते बंद पडलं नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. पण ते रखडत होतं, आणि त्याला ळ येत नव्हता. आपण 'मिळाले' लिहिलं की 'मिलाले', हे कानानं तपासायचा तिच्याकडे मार्गच नव्हता. वेळ संपला तेव्हा अर्धा मजकूर तपासायचा राहिला होता. ती नापास झाली. निकाल सांगणारे साहेब सरांना म्हणाले, "पुढच्या वेळी बसू दे की. काय घाई आहे?" सर त्यांच्याशी भांडले नाहीत. संस्थेत आल्यावर संगीताला म्हणाले, "उद्यापासून बांधायचं तू. मी बाजूला बसणार."

त्यानंतर त्यांनी सगळी रीत बदलली. एकच यंत्र बांधकामासाठी वेगळं काढलं. त्यावर बांधायचं, महिनाभर वापरून बघायचं, आणि मगच तयार झालेला माल दुसऱ्या यंत्रांवर उतरवायचा. आवाज आणि त्याला लागणारं तेवढंच स्वतः बांधायचं, बाकीचं खुशाल तयार घ्यायचं. आणि परीक्षा जवळ आली असेल तर कुठल्याच यंत्राला हात लावायचा नाही. "वेगाची उस्तवार करायला माणूस लागतं," ते आता म्हणत. "आणि ते माणूस एकटं असून चालत नाही." संगीता शिकली, तिच्यामागून आणखी काही जण शिकले. संदेश वाचायला मी लागत असे, तीही गरज उरली नाही, कारण संगीतानं बांधकामाच्या यंत्राचे संदेश दुसऱ्या, बोलत्या यंत्रातून ऐकायची सोय करून घेतली. पुढची चाचणी यायला बराच काळ गेला, पण ती आली तेव्हा संगीता स्वतःच्या हातानं बांधलेलं यंत्र घेऊन गेली आणि पास झाली. नोकरीला लागल्यावरही ती शनिवारी येऊन यंत्रं बघून जायची.

हे सगळं सुरळीत चालू असताना संस्थेला एका देणगीदारानं कोरी करकरीत यंत्रं देऊ केली. त्यांच्यावर पडदा वाचणारा विकतचा प्रोग्राम होता. तो बांधता येत नव्हता, बदलता येत नव्हता. ळ त्यालाही येत नव्हता. जुनी यंत्रं भंगारात द्यायची, असं कार्यकारिणीनं ठरवलं. सरांनी बैठकीत बोलायची वेळ मागितली. संगीताही आली होती, मीही होते.

खजिनदार समजुतीच्या सुरात बोलले. "देवरे, तुमचे कष्ट आम्ही बघितलेत. पण एकदा सगळी मशीन बंद पडली होती की नाही? ही नवी मशीन कंपनी सांभाळणार. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमची कोण बघणार?"

प्रश्न रास्त होता. खोटं कशाला बोलू? पण त्याचं उत्तर त्याच खोलीत बसलं होतं.

"संगीता बघते," सर म्हणाले. "गेल्या कित्येक महिन्यांत मी हातसुद्धा लावलेला नाही."

"संगीता?" खजिनदार जरा हसले. "अहो, पण तीही तर..."

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. गरजच नव्हती. तिच्यासमोर, तिच्या उपस्थितीत, ज्या मुलांसाठी ही संस्था चालवतो असं पाटीवर लिहिलंय त्यांच्याबद्दल यांचं मत त्या अर्ध्या वाक्यात पूर्ण होतं.

सर उठले. नव्या यंत्रांपैकी एक तिथं दाखवायला मांडलं होतं. त्यावर उद्घाटनाच्या निमंत्रणाचा मजकूर होता. सरांनी ते वाचायला लावलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. यंत्र एकेक शब्द रेंगाळत, चुकीच्या उच्चारांत वाचू लागलं. खुर्च्या करकरायला लागल्या. कुणीतरी घड्याळ पाहिलं. दुसरे एक जण म्हणाले, "पुरे की आता, देवरे. लोकांना कामं आहेत."

"हे तुम्ही आत्ता एकदा ऐकलंत," सर म्हणाले. "माझी मुलं हे रोज ऐकणार. दिवसभर. जन्मभर."

तेव्हा खजिनदार ते वाक्य बोलले. मुद्दाम, दुष्टपणानं नव्हे, हेच मला आजही सहन होत नाही. अगदी सहज, काळजीनं बोलले: "पण मी म्हणतो, अंधांना एवढा वेग कशाला?"

मला वाटलं आता टेबलावर हात आपटेल, अहिराणी ऐकू येईल. सरांनी फक्त काठी उघडली. "चल संगीता," म्हणाले, आणि दोघं बाहेर पडली. महिनाअखेर त्यांनी संस्था सोडली. बांधकामाचं ते एक यंत्र त्यांनी मागून घेतलं, भंगारात जाणारच होतं म्हणून मिळालं, आणि ते गावी निघून गेले. तिथं घरच्या ओसरीत आसपासची दोन-तीन दृष्टिहीन मुलं त्यांच्याकडे येत असत, असं संगीताकडून कळायचं. केंद्रातली नवी यंत्रं चालू राहिली. बिघडली नाहीत, हे खरं. मुलं हळूहळू यायची कमी झाली, हेही खरं.

काही वर्षांनी सर अचानक गेले. हृदयविकाराचा झटका. संस्थेनं शोकसभा ठेवली. फोटोला हार होता. खजिनदार बोलायला उठले. ते मनापासून बोलत होते, हे मान्य करायला हवं. ते म्हणाले, "देवरे सर म्हणजे अत्यंत शांत, समाधानी व्यक्तिमत्त्व. आयुष्यानं एवढं हिरावून घेतलं, पण कधी तक्रारीचा सूर नाही. जे मिळालं त्यात आनंद मानला."

सभेत माना हलल्या. माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली. संगीता उभी राहिली होती. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "सर शांत नव्हते. लय रागीट होते. तुमच्या सगळ्यांवर त्यांचा राग होता. आन तो अजून गेलेला नाय."

मग ती खाली बसली.